वाईत जुनं घर घ्यायचंय? आधी हे वाचा, मग एजंटला फोन करा

"तू वाईला घर घेतलंस ना, आम्हालापण बघ की एखादं, नदीकाठी, छोटासा वाडा वगैरे" असे मेसेज हल्ली इतके येतात की म्हटलं एकदाच सगळं टाईप करून ठेवावं. पुण्या-मुंबईच्या लोकांच्या डोक्यात वाई म्हणजे ढोल्या गणपती, घाटाच्या पायऱ्या आणि पिक्चरमधे दिसतो तसला वाडा. ते सगळं आहेच. पण प्रत्यक्ष घर घ्यायला बसलं की समोर येते ती कुठल्यातरी घराण्याची तीन पिढ्या रखडलेली वाटणी, आणि किंमत स्वस्त वाटते तीसुद्धा बऱ्याचदा त्या रखडलेल्या वाटणीमुळेच.

मी वकील नाही, एजंट तर नाहीच नाही. आम्ही नवरा-बायकोनी इथं एक जुनं कौलारू घर घेतलं, त्यात जे कळलं ते लिहितेय. वकील तुम्हाला लागणारच आहे, पण त्याला काय विचारायचं हे माहीत असलं की निम्मं काम होतं.

१. आधी भाड्यानं राहा, निदान एक पावसाळा तरी

हे कोणी ऐकत नाही. शनिवारी यायचं, घाटावर फोटो काढायचे, रविवारी टोकन देऊन मोकळं व्हायचं, अशी लोकं मी बघितलीत. वाई पुण्यापासून नव्वदेक किलोमीटर, खंबाटकी उतरला की सुरूर फाट्यावरून आत, साताऱ्यापासून पस्तीसेक. रेल्वे गावात येत नाही, जवळचं स्टेशन वाठार नाहीतर सातारा. पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी सगळी गर्दी वाईतूनच पसरणी घाटाला लागते, त्यामुळे मे महिन्यात आणि लाँग वीकेंडला गावातनं साधं दही आणायला निघालात तरी वैताग येतो. पौषात मांढरदेवची यात्रा असते तेव्हाही तेच, रंगपंचमीला बावधनचं बगाड असतं तेव्हाही रस्ते भरलेले. हे सगळं एकदा सोसून बघा, मग ठरवा.

भाडेकरार ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करा आणि तो रजिस्टरच करा. भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, मुद्रांक लागतं साधारण पाव टक्का, म्हणजे काहीच नाही. "कशाला उगाच, आपण घरचीच माणसं" असं मालक म्हणाले तर खर्च मी करते म्हणा आणि करून घ्या. भाड्याची घरं ॲपवर फार सापडत नाहीत. किराणावाला, दूधवाले दादा, देवळातले गुरुजी, आळीतल्या एखाद्या काकू, यांना सांगून ठेवा. याच लोकांकडून पुढं विकायचं घरही कळतं, आणि एजंट जे सांगत नाही तेही कळतं.

२. कुठं घ्यायचं ते ठरवा: आळी, कॉलनी की आसपासचं गाव

जुनं वाई म्हणजे घाटाघाटानं वसलेल्या आळ्या, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, धर्मपुरी, रामडोह अशा. हिवाळ्यात प्रत्येक घाटाचा आपापला कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव असतो आणि ज्याला या गावात खरंच मुरायचंय त्यानं आळीतच राहावं असं माझं मत. पण आळीत बोळ अरुंद, गाडी दारात येईलच असं नाही, वाळूचा ट्रक तर नाहीच नाही, माल टेम्पोनं आणून पुढं पाटीनं वाहायचा आणि ती मजुरी वेगळी.

आणि पूर. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मधे बांधलं, त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी त्यावर दुभंगून जावं म्हणून. म्हणजे तेव्हाच्या माणसानं पुराचा विचार करून बांधलं आणि आपण मात्र "रिव्हर व्ह्यू" ऐकून पैसे मोजणार. पाटबंधारे खात्याच्या दोन रेषा असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आतलं घर असेल तर नवीन बांधकामाला परवानगी मिळणं जवळपास विसरा, लाल-निळ्याच्या मधे असेल तर अटी असतात. नगरपालिकेत जाऊन तुमचा सिटी सर्व्हे नंबर सांगायचा आणि रेषेच्या कुठल्या बाजूला येतो ते विचारायचं. आणि आळीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं की पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. वर धोम धरण आहे म्हणून पूर येत नाही असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

कॉलनीतला फ्लॅट घेणार असाल तर प्रकरण सोपं आहे. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि आठापेक्षा जास्त फ्लॅट असतील तर महारेरा (बांधकाम प्रकल्पांची सरकारी नोंदणी) नंबर हवाच, तो त्यांच्या साईटवर टाकून बघा, बाकी नेहमीचं.

आसपासच्या गावांत, म्हणजे मेणवली, पसरणी, बावधन, भुईंज, धोम वगैरे, घर गावठाणात आहे की शेतात हे आधी बघा. शेतजमीन असेल आणि तुमच्या नावावर शेती नसेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे तुम्हाला ती विकत घेता येत नाही, विषय संपला. "पाच गुंठ्याचा फार्महाऊस प्लॉट, कंपाउंड करून देतो, नोटरी करून देतो" हा या भागातला सगळ्यात मोठा सापळा आहे. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली म्हणून जमीन तुमची होत नाही, सातबाऱ्यावर नाव लागत नाही, उद्या विकायला गेलात तर हातात फक्त झेरॉक्स. तुकडेबंदीचे (जमिनीचे छोटे तुकडे विकायला मनाई करणारे) नियम अलीकडे बदलत चाललेत, त्यामुळे "आता सगळं ओपन झालंय मॅडम" असं हमखास ऐकायला मिळतं. ओपन झालं असेल तर बिनशेतीचा आदेश दाखवा म्हणायचं, आदेश नसला की चहा पिऊन उठायचं. वर पाचगणी-महाबळेश्वरकडे तर २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, तिकडच्या स्वस्त प्लॉटच्या नादाला नवख्यानं लागूच नये.

३. हे कागद मागा, आणि विसार (टोकनचे पैसे) द्यायच्या आधी मागा

- मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, ताजं. नगर भूमापनकडून किंवा ऑनलाईन डिजिटल सहीचं.
- त्या कार्डावरच्या सगळ्या जुन्या फेरफार नोंदी.
- मालकांकडे घर कसं आलं त्याचा दस्त: खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, जे असेल ते. सूची २ (इंडेक्स टू, नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) ऑनलाईन काढता येते.
- वंशावळ, मृत्यूचे दाखले, वारसाचा दाखला (पुढच्या मुद्द्यात याच्यावर बोलूच).
- नगर भूमापनचा नकाशा.
- घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या आणि थकबाकी नसल्याचा दाखला.
- लाईटबिल.
- वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुने नोंदवलेले व्यवहार तपासल्याचा अहवाल.

घरपट्टीचा उतारा हा मालकीचा पुरावा नाही. गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ सुद्धा नाही. ती फक्त कर भरल्याची नोंद, पण इथं बरेच जण तोच कागद लॅमिनेट करून "हे बघा मालकी" म्हणून दाखवतात, आणि खोटं बोलतात असंही नाही, त्यांना मनापासून तसंच वाटत असतं.

प्रॉपर्टी कार्डावर "सत्ता प्रकार" म्हणून एक रकाना असतो, तो कोणी वाचत नाही, तुम्ही वाचा. तिथं "ब" दिसलं तर जागा मुळात सरकारनं अटींवर दिलेली असू शकते, मग विकायला परवानगी लागते. सातबारा असेल तर भोगवटादार वर्ग १ की २ बघा (वर्ग २ म्हणजे विकायला परवानगी लागणारी जमीन). आणि वाई म्हणजे देवळांचं गाव, देवस्थान इनामाच्या जमिनी आजूबाजूला आहेत, "देवस्थान" शब्द कुठंही दिसला तर वकिलाला लाल पेननं गोल करून दाखवा.

४. वारस मोजा. मग परत मोजा

हा मुद्दा सगळ्यात लांब आहे कारण नव्वद टक्के भानगडी इथंच असतात.

एक घर बघायला गेलो होतो, घर अप्रतिम, मधे चौक, सोप्याला कोरीव खांब, परसात आड. विकणारे दादा एकटेच राहायचे तिथं, स्वभावानं भला माणूस. प्रॉपर्टी कार्डावर नाव त्यांच्या आजोबांचं. आम्ही म्हटलं वंशावळ सांगा, तर त्यांनी कालनिर्णयाचं मागचं पान घेतलं आणि पटापट तीन काका, त्यांची मुलं, कोण बडोद्याला कोण डोंबिवलीला, सगळं लिहून काढलं. मग स्वयंपाकघरातनं त्यांच्या चुलतकाकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "आणि आत्यांचं काय रे? सुमीआत्या, कृष्णीआत्या, त्या काय आभाळातनं पडल्या?" दादा म्हणाले, "त्यांची लग्नं झाली की काकू." काकू काही बोलल्या नाहीत, पेन घेतलं आणि त्या पानावर अजून दोन फांद्या काढल्या. त्या फांद्यांना सात मुलं.

तर लग्न झालेल्या मुलींचाही हक्क असतो. महाराष्ट्रात १९९४ ला दुरुस्ती झाली, मग २००५ ला देशभर हिंदू वारसा कायदा बदलला आणि २०२० ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क जन्मानंच आहे. "त्यांनी तोंडी सोडलंय", "माहेरची साडीचोळी घेतली म्हणजे झालं" याला कागदावर शून्य किंमत. सोडायचं असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र, नाहीतर खरेदीखतावर त्यांचीही सही.

वारसांच्या बाबतीत अजून चार गोष्टी:

वारसांमधे कोणी अज्ञान, म्हणजे अठराच्या खालचं असेल, तर त्याच्या हिश्श्याला कोर्टाची परवानगी लागू शकते, आईबापांची सही पुरते असं गृहीत धरू नका.

कोणी परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणायचं, आणि इथं पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक भरायचं. कुलमुखत्यार घेतलेला माणूस खरेदीखतावर सही करू शकतो, पण नुसतं कुलमुखत्यारपत्र "विकत घेऊन" तुम्ही मालक होत नाही, सुप्रीम कोर्टानं २०११ मधेच हे सांगून टाकलंय. आणि मूळ माणूस हयात आहे ना, हे व्हिडिओ कॉल करून बघा. यात लाजायचं काही नाही.

फक्त एका भावाचा हिस्सा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात परक्यानं एक हिस्सा घेतला तर त्याला सामाईक ताबा मागता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४. मग वाटपाचा दावा लावा आणि बसा तारखा मोजत.

आणि सगळे वारस एका दिवशी रजिस्ट्रारच्या दारात येतील ही आशा सोडा. गणपतीत नाहीतर दिवाळीत सगळे गावाला येतात, तेव्हाची तारीख आधीपासून धरून ठेवा, जे येणार नाहीत त्यांची हक्कसोडपत्रं आधी करून घ्या.

हे सगळं झाल्यावर वकिलाकडून पेपरात जाहीर नोटीस द्या. मोठ्या पुणे आवृत्तीत नको, साताऱ्यात जो पेपर घरोघरी वाचला जातो त्यात द्या, कारण हरकत घेणारा माणूस तोच पेपर वाचतो. ई-कोर्टच्या साईटवर मालकांच्या नावानं दावे चालू आहेत का तेही बघा, फुकट असतं.

५. घरात दुसरं कोण राहतंय?

वाड्यात एक-दोन खोल्यांत जुने भाडेकरू असतात. महिन्याला नाममात्र भाडं, पण कायद्याचं संरक्षण पक्कं. "तुम्ही घ्या, ते जातील" हे वाक्य ऐकलं की समजायचं ते जाणार नाहीत. एकतर खरेदीच्या आधी मालकांनी रीतसर तडजोड करून खोली रिकामी करून घ्यावी, नाहीतर भाडेकरूसकट घर घेतोय असं समजून किंमत पाडून मागावी. आणि त्या भाडेकरू काका-काकूंशी स्वतः जाऊन बोला, चांगलं बोला. घराचा इतिहास, कुठं गळतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

६. घर बघायला जाताना स्क्रूड्रायव्हर घेऊन जा

लाकडी खांब जिथं दगडी तळखड्यावर बसतो तिथं खालच्या बाजूला हळूच टोचा. टोक आत गेलं तर वाळवी किंवा कूज. तुळईचं टोक जिथं भिंतीत शिरतं तिथंही तसंच, कारण ओल तिथं मुरते आणि मधला भाग वाजवून बघितला तर ठणठणीत लागतो. सागवान आहे म्हणून निश्चिंत राहू नका, वासे आणि रिपा बहुतेक वेळा साध्या लाकडाच्या असतात.

भिंतीला कमरेपर्यंतच सिमेंटचा नवा गिलावा दिसला की सावध व्हा. जुन्या भिंती पांढऱ्या मातीच्या नाहीतर विटा-चुन्याच्या, त्यांच्यातली ओल बाहेर उडून जायला वाव लागतो. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, वर चढते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा भिंतीची माती घेऊनच पडतो. आमच्या सुतारमामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, सिमेंट लावलेलं घर घेऊ नका, आजार झाकल्यावाणी असतंय ते." चुन्याचं काम येणारे गवंडी कमी आहेत पण आहेत, चौकशी करा.

बाकी बघायचं म्हणजे सामाईक भिंत कोणाची, पन्हाळीचं पाणी शेजारच्याच्या अंगणात पडतं का (यावरून पिढ्यानपिढ्या अबोला असतो, गंमत नाही), संडासाचं पाणी कुठं जातं, मीटर कोणाच्या नावावर. पावसात जाऊन बघता आलं तर सोन्याहून पिवळं.

जुनं पाडून नवीन बांधू असा विचार असेल तर तो घर घ्यायच्या आधी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात जाऊन बोला. आजच्या नियमावलीत रस्त्याची रुंदी, सामासिक अंतर (घराभोवती मोकळी सोडायची जागा) हे सगळं लागतं, आणि बोळातल्या जागेवर आहे तेवढं बांधकाम परत मिळेलच असं नाही. दुरुस्तीला नियम वेगळे, पुनर्बांधणीला वेगळे. गवंडी डागडुजीचा जो आकडा सांगेल त्यात निम्मा अजून मिळवा.

७. पैसे

जुन्या घराला बँक सहजासहजी कर्ज देत नाही. मंजूर नकाशा मागतात, तो नसतो, घराचं आयुष्य किती उरलंय म्हणून इंजिनिअरचा दाखला मागतात, मग कर्ज मिळालंच तर मागितल्यापेक्षा कमी. त्यामुळे आधी बँकेत कागदांचा सेट दाखवा, मग विसार द्या, उलटं नको. विसार देताना साधी पावती न करता साठेखत (खरेदीचा आधीचा करार) करा आणि ते रजिस्टर करा, त्यात किती दिवसांत कोणी काय आणून द्यायचं आणि नाही दिलं तर पैसे परत कधी, हे लिहा.

"थोडे रोखीत द्या, दोघांचाही फायदा" हे येणारच. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, शिवाय उद्या व्यवहार फिसकटला तर ते पैसे तुम्ही दिलेच नव्हते असं होतं. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्याच्या वरचा असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा असतो.

एजंटची दलाली एक ते दोन टक्के, आधी ठरवा, कोण देणार तेही ठरवा.

८. खरेदीखताचा दिवस

दस्ताची माहिती आधी नोंदणी विभागाच्या साईटवर पब्लिक डेटा एन्ट्रीतून भरून ठेवा. मुद्रांक आणि अधिभार मिळून पाच-सहा टक्के पकडून चाला, तो व्यवहाराची रक्कम आणि रेडीरेकनर (सरकारी दर) यात जे जास्त त्यावर लागतो. नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सूट आहे, आमच्याकडे या एका मुद्द्यावर घर माझ्या नावावर झालं, नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

सगळ्यांचे आधार, पॅन, दोन साक्षीदार. वयस्कर वारस असतील तर सकाळची वेळ घ्या, खाली बसायची सोय बघा, बरोबर पाणी आणि बिस्किटं ठेवा. अंगठ्याचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, सर्व्हर जातो, आणि ऐंशीच्या आजोबांना भूक लागली की ते सही न करता घरी जातात.

दस्त वाचा. चतुःसीमा वाचा. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन जुळवलेलं असलं पाहिजे, कारण जुन्या दस्तावरून टाईप करताना पन्नास वर्षांपूर्वीचे शेजारी तसेच पुढं येतात.

९. नंतरची कामं, जी सगळे टाळतात

खरेदीखत झालं की लोकं पेढे वाटतात आणि झोपतात. प्रॉपर्टी कार्डावर नाव लावायला नगर भूमापनकडे अर्ज करा, सातबारा असेल तर फेरफाराची १५ दिवसांची नोटीस निघते, हरकत नाही आली की नोंद मंजूर होते, ती झाली का ते स्वतः बघा. घरपट्टी, नळ, लाईटचं मीटर, सगळं नावावर करून घ्या. शक्य असेल तर मोजणीही करून घ्या, शेजाऱ्यांना आधी सांगून, नाहीतर पहिल्याच महिन्यात वितुष्ट.

घराचं काम काढायच्या आधी दोन्ही बाजूच्या घरी जाऊन सांगून या, धूळ होणार, आवाज होणार, दुपारी एक ते तीन बंद ठेवू म्हणून. तेवढं केलं तर वाळूची पाटी उचलायलाही माणूस येतो. आणि कौलं शाकारायला माणूस मार्च-एप्रिलमधेच बोलवून ठेवा, मे उजाडला की आख्ख्या तालुक्याला तोच माणूस हवा असतो आणि तो कोणाचाच फोन उचलत नाही.